चेंडूचं माप

आमच्या झाडीपट्टीत मापाचं भांडण हे सगळ्यांत जुनं भांडण. माझ्या लहानपणी धान वजनावर नाही, मापावर चालायचं. कुडव, पायली, खंडी. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळेलच असं नव्हतं. मजुरीचं धान मोजून मिळायचं तेव्हा बाया मापाकडे पाहायच्या नाहीत, मोजणाऱ्याच्या अंगठ्याकडे पाहायच्या. अंगठा मापाच्या आत बुडवून धरला की तेवढं धान कमी. दिवसभर चिखलात वाकून रोवणा करणाऱ्या बाईला ते मूठभर धान म्हणजे एका लेकराची पेज. माझी माय भर अंगणात मोठ्यानं म्हणायची, "अंगठा भायेर!" मोजणारा ओशाळायचा आणि अंगठा बाहेर काढायचा.

तेव्हापासून मला एक सवय लागली. कोणी आकडा सांगितला की मी तीन गोष्टी विचारतो. कुठून मोजलं? कुठपर्यंत मोजलं? आणि अंगठा कुठं होता? सोसायटीच्या काट्यावर, जमिनीच्या मोजणीत, धानाच्या ओलाव्यात, सगळीकडे या तीन प्रश्नांनी मला साथ दिली. पण साठी उलटल्यावर हेच प्रश्न क्रिकेटच्या चेंडूला विचारावे लागतील, असं काही वाटलं नव्हतं.

वैनगंगेच्या अलीकडे आमचा चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. दोन्ही काठांना रीत एकच. धान कापून पुंजणे झाले की बांद्या मोकळ्या होतात. मग रात्री नाटकं, दिवसा शंकरपट, आणि ज्या गावात पट नाही तिथे क्रिकेट. पोट्टे एखादी मोठी बांदी निवडतात, धानाची धसकटं खणून काढतात, मधल्या पट्ट्यावर मुरूम टाकतात, पाणी शिंपडतात आणि चोपून चोपून सारखा करतात. चेंडू धुऱ्यापलीकडे गेला की चौकार. शहरात सामना अंधारामुळे थांबतो, आमच्याकडे वाघामुळे थांबतो. संध्याकाळी जंगलाच्या बाजूनं माकडं खाकरायला लागली की पंच यष्ट्या उपटतो. शेवटचं षटक राहिलेलं असो की शेवटची जोडी खेळत असो, कोणी तक्रार करत नाही.

मी स्वतः बैलांचा माणूस. पटात माझी जोडी पळवली आहे. पटात अंतर ठरलेलं असतं, सेकंद मोजायचे असतात. एका पटात मी पाहिलं, एकाच जोडीची वेळ दोन माणसांनी दोन घड्याळांवर धरली आणि दोघांत पाव सेकंदाचा फरक निघाला. दोघंही इमानदार. दोन्ही घड्याळं चांगली. फरक फक्त अंगठ्याचा. एक जण झेंडी हलली की दाबायचा, दुसरा बैल हलले की. पाव सेकंदात तिथे बक्षीस इकडचं तिकडे होतं, त्यामुळे काठ्या निघायच्याच बाकी होत्या. पुढे मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली. मधल्या साडेसात वर्षांत माझी जोडी म्हातारी झाली. तोवर गावातल्या पोरांच्या हाती मोबाईल आला होता आणि पटाचं सारं वेड चेंडूत गेलं होतं.

आमच्या तरुणपणी चेंडूला आकडा नव्हता. रेडिओ होता. २५ जून १९८३ च्या रात्री आम्ही दहा-बाराजण एका ट्रान्झिस्टरभोवती बसलो होतो. समोर वेस्ट इंडीज, आणि त्यांचे चार गोलंदाज म्हणजे चार वाघ, एवढंच आम्हाला माहीत. आपले तर १८३ धावांतच आटपले. मग आपल्याकडून मुंबईचा बलविंदर संधू चेंडू टाकायला आला. तो काही वेगाचा गोलंदाज नव्हता, हे रेडिओ ऐकणाऱ्यालाही ठाऊक. पण त्याचा एक चेंडू बाहेर जाईल म्हणून ग्रिनिजनं बॅट उचलून सोडून दिला आणि तो आत वळून यष्टीवर गेला. त्या चेंडूचा वेग किती होता ते आम्ही विचारलं नाही. विचारावं असं सुचलंच नाही. जोरात म्हणजे जोरात, हळू म्हणजे हळू, एवढंच माप होतं.

आकडा आला तो टीव्हीबरोबर. १९९९ च्या विश्वचषकापासून पडद्याच्या कोपऱ्यात ताशी किलोमीटर दिसायला लागले. चहाच्या टपरीवर धावा कमी आणि किलोमीटर जास्त बोलले जाऊ लागले. २२ फेब्रुवारी २००३ ला केपटाऊनमध्ये पाकिस्तानच्या शोएब अख्तरनं इंग्लंडविरुद्ध ताशी १६१.३ किलोमीटरचा चेंडू टाकला. शंभर मैलांच्या वर. तो आकडा आमच्या गावातल्या ज्या पोट्ट्याला सतराचा पाढा येत नव्हता, त्यालाही पाठ झाला.

पण पोरांच्या काळजाला हात घातला तो आपल्या विदर्भाच्या उमेश यादवनं. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत बाप कामाला. पोरगा टेनिस चेंडूवर वाढलेला. फौजेत जायचा प्रयत्न केला, पोलीस शिपाई व्हायचा प्रयत्न केला, दोन्हीकडे जमलं नाही. चामडी चेंडू त्याच्या हातात आला तेव्हा मिसरूड फुटून गेलेली होती. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०१० मध्ये भारताकडून एकदिवसीय, २०११ मध्ये कसोटी. आणि चेंडू ताशी १४० च्या वर, कधी दीडशेच्या घरात. आमच्या बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस भागातही खाणी आहेत, आणि पोलीस भरतीत पळणारी पोरं तर आमच्या प्रत्येक घरात आहेत. त्यामुळे त्याची गोष्ट ऐकून कोणालाही वाटावं, हा तर आपल्याच घरचा. मग २०१८ च्या जानेवारीत विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली. अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीनं तीन चेंडूंत तीन गडी घेतले. तेव्हापासून गावागावांत वेगवान गोलंदाज उगवू लागले, पहिल्या पावसानंतर सात्या उगवतात तसे.

त्यातलाच एक माझा नातू. वय एकोणीस. सकाळी भरतीसाठी सडकेवर पळतो, दुपारी शेतात हात लावतो, चार वाजले की बांदीत. अंगानं काटक, हात लांब. मागच्या हिवाळ्यात एक दिवस धापा टाकत अंगणात आला.

"आबाजी, एकशे एकोणचाळीस!"

"का एकशे एकोणचाळीस?"

"माहा बॉल जी. ताशी. मोबाईलवर मोजला. चामडी बॉलानं."

"मोबाईलनं कसा मोजला गा?"

"बॉल हातातून सुटला का दाबाचा, बॅटीवर आला का दाबाचा. हिशोब मोबाईल सोताच करते."

"दाबलं कोनं?"

"दोस्तानं." मग माझ्याकडे पाहून तो जरा थांबला. "तुमी असे काहून पायता?"

मी काही बोललो नाही. गोष्ट तेवढ्यावर राहिली असती तर बोलायचं कामही नव्हतं. पोरगा खूश आहे, असू दे. पण त्यानं मोबाईलवरचा तो आकडा शहरातल्या एका शिबिरवाल्याला पाठवला होता. तिकडून दुसऱ्याच दिवशी फोन. एकशे एकोणचाळीस म्हणजे पोराचं नशीब उघडलं, वेळ घालवू नका, चाळीस हजार भरा आणि घेऊन या, राहणं-खाणं वेगळं. त्या माणसानं चेंडू पाहिला नव्हता. पोराला पाहिलं नव्हतं. फक्त आकडा पाहिला होता.

चाळीस हजार आमच्या घरात नेमके तेव्हा येणार होते. धानाचे चुकारे व्हायचे होते. माझा मोठा, म्हणजे पोराचा बाप, रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, आपल्या पोट्ट्यात असंन तं आडवं कायले याचं? एक गोऱ्हा इकून राहाचा खर्च निंगंन." तो हे मनापासून बोलत होता. त्यानं स्वतः भरतीचे दोन फेरे मारले होते आणि दोन्ही वेळा परत येऊन नांगर धरला होता. मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. म्हटलं, चुकारे यायला आठ दिवस आहेत. तोवर अंगठा बाहेर काढून एकदा मोजू.

मी दहावी शिकलो. वेगाचं एकच सूत्र शिकलो, अंतर भागिले वेळ. या कामाला तेवढं पुरतं. आधी अंतर पाहिलं. पीच बावीस यार्डांची, म्हणजे सहासष्ट फुटांची. हा आकडा ऐकला आणि मला हसू आलं. जमिनीच्या मोजणीत आमची गुंठ्याची साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. इंग्रजांची मोजणीची साखळी याच्या दुप्पट, सहासष्ट फुटांची. सतराव्या शतकात गुंटर नावाच्या इंग्रजानं ती केली. म्हणजे क्रिकेटची पीच ही बरोबर एक इंग्रजी साखळी आहे, आणि आमच्या दोन. ज्या मापानं माझ्या बापाच्या शेताचा धुरा ठरला, त्याच मापात हा खेळ चालतो.

पण हे सहासष्ट फूट यष्टीपासून यष्टीपर्यंतचे. चेंडू काही यष्टीतून निघत नाही. गोलंदाजाचा पाय यष्टीपुढे चार फुटांवरच्या रेषेजवळ पडतो आणि चेंडू साधारण तिथेच हातातून सुटतो. समोर फलंदाजही यष्टीपुढे चार फुटांवरच्या रेषेजवळ उभा असतो. दोन्हीकडचे चार-चार फूट गेले की उरले अठ्ठावन्न फूट, म्हणजे १७.६८ मीटर. पोराच्या मोबाईलमध्ये अंतर भरलेलं होतं २०.१२ मीटर, पूर्ण पीच. चेंडू न चाललेले आठ फूट त्यानं हिशोबात धरले होते. एवढ्यानंच शंभराचे एकशे चौदा होतात.

आता वेळ. इथे अंगठा आला. चेंडू हातातून सुटलेला डोळ्यांना दिसतो, मग अंगठ्याला कळतं, मग अंगठा दाबतो. माणूस कितीही चपळ असला तरी यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग जातो. पण शेवटी तसं होत नाही. चेंडू येताना दिसत असतो, बॅटीवर केव्हा लागणार याचा अंदाज आधीच असतो, म्हणून शेवटचं दाबणं बरोबर वेळेवर पडतं. म्हणजे सुरुवातीला उशीर आणि शेवटी उशीर नाही. मधली वेळ कमी भरते. वेळ कमी की वेग जास्त. पाव सेकंदासाठी पटात काठ्या निघणार होत्या, इथे तर सगळा खेळच अर्ध्या-पाऊण सेकंदाचा.

तिसऱ्या दिवशी आम्ही बांदीत गेलो. पोराच्या एका मित्राकडे चांगला मोबाईल होता. त्यात सेकंदाला २४० चित्रं निघतात आणि मग एकेक चित्र पुढे सरकवून पाहता येतं. साध्या चित्रफितीत सेकंदाला तीसच चित्रं असतात, आणि जोरातला चेंडू दोन चित्रांच्या मध्ये एक मीटर पुढे गेलेला असतो. त्यात काही पकडता येत नाही. मोबाईल पीचच्या बाजूला, बंडीच्या जुवावर दोरीनं बांधला. गोलंदाजाचा हात आणि टप्प्याची जागा दोन्ही एका चित्रात येतील एवढा दूर. टप्प्याच्या पट्ट्यावर चुलीतली राख चाळून पसरली, म्हणजे चेंडू कुठे पडला त्याची खूण राहील. हातात मोजणीचा फीत. पोरानं दहा चेंडू टाकले, सगळे जीव लावून.

एका चेंडूचा हिशोब लिहून ठेवतो, कोणाला करून पाहायचा असेल तर. हात सुटल्याच्या जागेपासून राखेतल्या खुणेपर्यंत १४.४ मीटर. हातातून सुटल्याच्या चित्रापासून राख उडाल्याच्या चित्रापर्यंत ११६ चित्रं. ११६ भागिले २४० म्हणजे ०.४८३ सेकंद. १४.४ भागिले ०.४८३ म्हणजे सेकंदाला २९.८ मीटर. त्याला ३.६ नं गुणलं की ताशी किलोमीटर. १०७. दहा चेंडूंत सगळ्यात कमी १०१, सगळ्यात जास्त १०८.

हाही आकडा देवाच्या घरचा नाही. एक चित्र इकडेतिकडे झालं तर एका किलोमीटरचा फरक पडतो, फीत वीतभर सैल पडला तर दीडेक किलोमीटरचा. शिवाय ही टप्प्यापर्यंतची सरासरी आहे. हात दोन मीटर उंच असतो, म्हणून चेंडूची वाट थोडी तिरपी आणि थोडी लांब. वाटेत हवाही चेंडूला ओढते. हे धरलं तर हातातून सुटताना त्याचा वेग ११२ ते ११४ असावा. मी कागदावर लिहिलं, ११३, दोन-तीन इकडे किंवा तिकडे. मग मोबाईलचा आकडा कुठून आला तेही लिहिलं. चित्रं मोजली तर चेंडू फलंदाजापर्यंत ०.६२ सेकंदात पोचत होता. दोस्ताचा अंगठा दहावा भाग सेकंद उशिरा पडला की उरले ०.५२. पूर्ण पीचचे २०.१२ मीटर भागिले ०.५२, गुणिले ३.६. एकशे एकोणचाळीस. जसाच्या तसा.

पोरानं कागद दोनदा वाचला. घडी केली. खिशात घातला. घरी येईपर्यंत बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पळायला गेला नाही, संध्याकाळी बांदीत गेला नाही. त्याच्या बापानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पोराचं काहीतरी काढून घेतलं. मला त्या दोन दिवसांत अन्न गोड लागलं नाही. आकडा खरा होता, पण खरा आकडा हातात देताना समोरचं पोरगं एकोणीस वर्षांचं असतं.

आमच्या बुढीनं ते भांडं फोडलं. ती कधी शाळेत गेली नाही, पण मोजणं तिच्याकडून शिकावं. ताटं वाढता वाढता पोराला म्हणाली, "यंदा धान कमी भरलं. का केला आमी? पायली फेकून देली? कमी भरलं तं कमी भरलं. खात का घातलं, पानी केवा देलं, ते पायलं. तुहा बॉल कमी भरला तं तोंड कायले पाडतस?"

पोरगा हसला नाही, पण जेवला. आणि रात्री माझ्या खाटेवर येऊन बसला.

"आबाजी, टीवीवाल्याईले कसं समजते? त्याईचा तं अंगठा नसते."

प्रश्न बरोबर होता. मी त्याला नागपूर रस्त्यावरच्या पोलिसांची आठवण दिली. गाडीकडे यंत्र रोखून धरतात आणि गाडीचा वेग सांगतात. चेंडूचं यंत्र त्याच जातीचं. रडार म्हणतात. ते यंत्र एक लाट सोडतं, ती चेंडूवर आपटून परत येते. वडशाच्या स्टेशनावर न थांबणारी मालगाडी जाते तेव्हा तिचा भोंगा कसा ऐकू येतो? येताना बारीक, चढा. समोरून पुढे गेली की एकदम जाड, उतरता. भोंगा तोच, पण गाडीच्या वेगानं आवाज बदलतो. डॉप्लर नावाच्या ऑस्ट्रियाच्या माणसानं १८४२ मध्ये हे सांगितलं. रडारची लाटही चेंडूच्या वेगानं अशीच बदलून परत येते, आणि किती बदलली त्यावरून यंत्र वेग काढतं. अंतर नको, घड्याळ नको, अंगठा नको.

"मंग ते एकदम खरं," पोरगा म्हणाला.

"खरं, पन कुठचं?" मी विचारलं.

टीव्हीवरचा आकडा हा हातातून सुटतानाचा, सगळ्यात जास्त असतो तेव्हाचा. मग हवा ओढते, टप्प्याची जमीन ओढते. हाताशी १४० असलेला चेंडू बॅटीजवळ येईपर्यंत ११५ ते १२० च्या आसपास उतरलेला असतो. फलंदाज खेळतो तो हा उतरलेला चेंडू. आणि रडार सरळ चेंडूच्या रेषेत ठेवावं लागतं. वीस अंश बाजूला धरलं तर १४० चा १३२ दिसतो. चेंडू कोणता तेही पाहावं लागतं. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, टेनिसचा अठ्ठावन्न ग्रॅमच्या आसपास. आकार जवळजवळ सारखा, वजन मात्र तिसरा हिस्सा. म्हणून टेनिसचा चेंडू हातातून वाघासारखा निघतो आणि फलंदाजापर्यंत शेळी होतो. गावातली स्पर्धा गाजवणाऱ्या पोराचा चामडी चेंडूवर अंदाज चुकतो तो यामुळेच.

जुन्या गोलंदाजांचे आकडेही याच डोळ्यांनी पाहावे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या जेफ थॉमसनचा चेंडू १९७५ मध्ये पर्थला वेगवान कॅमेऱ्यांनी मोजला, १६०.४५. शोएबचा २००३ मध्ये रडारनं, १६१.३. आमच्या उम्रान मलिकचा आयपीएलमध्ये २०२२ साली १५७. यात कोण मोठा, यावर पोरं टपरीवर अर्धा दिवस भांडतात. मला ते दोन गावच्या पायल्यांसारखं वाटतं. माप दोन्ही खरी. पण एकीचं धान दुसरीत ओतून पाहिल्याशिवाय भांडू नये. आणि मुंबईचे ठेंगणे रमाकांत देसाई एकोणीसशे एकोणसाठ-साठच्या काळात ज्यांना हैराण करत होते, त्यांच्या चेंडूला तर कोणी आकडाच लावला नाही. म्हणून तो चेंडू हळू झाला नाही.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं ज्या प्रश्नाची मी वाट पाहत होतो तो विचारला. "एकशे तेराचा एकशे पंचवीस होते का?"

ते मला सांगता येण्यासारखं नव्हतं, ते त्याच्याच अंगाला विचारायचं होतं. पण चित्रं आमच्याकडे होती. दहाही चेंडू आम्ही एकेक चित्र सरकवत पाहिले. पोरगा धावत छान यायचा, पण चेंडू टाकायच्या आधी शेवटच्या दोन पावलांत वेग मोडायचा, नाल्याच्या काठावर बैल थबकतो तसा. पुढचा पाय टेकला की गुडघा वाकायचा आणि धावण्यातला सगळा जोर त्या गुडघ्यात जिरायचा. ज्या दोन चेंडूंना तो पाय ताठ राहिला होता, तेच दोन १०८ चे होते. एकशे एकोणचाळीस धरून बसला असता तर हे पाहिलंच नसतं. पाहायची गरजच काय होती?

चुकारे आले. शिबिरात गेले नाहीत. थोडे सोसायटीला गेले, थोडे घराच्या कवेलूला. गोऱ्हा विकला नाही. शिबिरवाल्याचा पुन्हा फोन आला तेव्हा पोरानंच घेतला. म्हणाला, "साहेब, परत मोजला. सुटताना एकशे तेरा, दोन-तीन इकडेतिकडे." तिकडून बरं म्हणाले. नंतर फोन आला नाही. पोराचं दार काही त्यानं बंद झालं नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीला चाळीस हजार लागत नाहीत, एसटीचं भाडं लागतं, आणि तिथे चेंडू डोळ्यांनी पाहतात.

माझा मोठा काही दिवस माझ्याशी कमी बोलत होता. मग एका संध्याकाळी मी पाहिलं, तोच बांदीत बंडीच्या जुवावर मोबाईल बांधतो आहे आणि पोराला सांगतो आहे, "पाय ताट ठेव, पाय!" त्याच्या स्वतःच्या भरतीच्या वेळी त्याला असं सांगणारं कोणी नव्हतं. मी धुऱ्यावरच बसलो, पुढे गेलो नाही.

आता आमच्या धानाच्या कोठीच्या भिंतीवर कोळशानं आकडे लिहिलेले आहेत. वरच्या बाजूला माझ्या हातचे जुने, कोणत्या वर्षी किती पोती झाली ते. त्याखाली पोराच्या हातचे, तारीख आणि टप्प्यापर्यंतची सरासरी. पहिला १०७. मग १०६. मग १०९, मग पुन्हा १०७, एकदा ताप येऊन गेल्यावर १०२. उन्हाळ्याच्या शेवटी १११. प्रत्येक आकड्यापुढे त्यानं किती चित्रं आणि किती मीटर तेही लिहिलं आहे. मी सांगितलं नव्हतं. आणि सकाळी भरतीचे सोळाशे मीटर तो अजून पळतो, त्याची वेळही तिथेच शेजारी लिहितो.

सध्या बांदीत गुडघाभर पाणी आहे आणि रोवणा संपत आला आहे. जिथे राख पसरली होती तिथे धान उभं आहे. चामडी चेंडू तेल लावून आड्याला टांगून ठेवला आहे, उंदरांच्या भीतीनं. दिवाळीनंतर धान कापून झालं की पुढचा आकडा लिहू. जो भरेल तो.